मॉड्यूल काढताना कर्नल का कोसळतो: ड्रायव्हरमध्ये मेमरी घेणं आणि सोडणं

प्रश्न थोडक्यात असा. पीसीआय एक्सप्रेसवर बसणाऱ्या एका सॅम्पलिंग कार्डासाठी लिनक्स ड्रायव्हर लिहिला आहे. प्रोबमध्ये (कार्ड सापडल्यावर कर्नल बोलावतो ते फंक्शन) केमॅलॉकने (कर्नलमधलं मेमरी घेण्याचं नेहमीचं फंक्शन) २ एमबीचा सलग बफर घेतला जातो आणि कार्ड डीएमए करून, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता, त्यात थेट सॅम्पल्स लिहितं. प्रत्येक इंटरप्टला, म्हणजे कार्डाने सीपीयूला दिलेल्या इशाऱ्याला, हँडलर (तो इशारा हाताळणारं फंक्शन) एक छोटं डिस्क्रिप्टर केमॅलॉकने घेतो, तेही जीएफपी_कर्नल फ्लॅग देऊन. इंटरप्ट डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यूने शेअर्ड म्हणून, म्हणजे इतर डिव्हाइसबरोबर लाइन वाटून, घेतला आहे; डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी ड्रायव्हर सुटताना कर्नल आपोआप सोडतो. ड्रायव्हरचं मुख्य स्ट्रक्चर मात्र केझॅलॉकने (शून्यांनी भरलेली मेमरी देणारा केमॅलॉक) घेऊन रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर सुटताना चालणारं फंक्शन) केफ्री केलं, म्हणजे सोडलं आहे. तक्रारी तीन: मशीन काही दिवस चालू राहिलं की मॉड्यूल पुन्हा लोड करताना बफर मिळत नाही, मेमरीवर ताण आला की कधीतरी मशीन अडकतं, आणि मॉड्यूल काढताना अधूनमधून ऊप्स (कर्नलमध्ये चूक घडल्याचा अहवाल) येतो, ज्यात पत्त्याच्या जागी ६बी६बी६बी६बी अशी रांग दिसते. विचारलं आहे, "कोणतं फंक्शन वापरू?"

तिन्ही तक्रारींची उत्तरं खाली देतो. पण फंक्शन निवडणं हा यातला सोपा भाग आहे. मेमरी घेणारी ओळ लिहिण्याआधी मी नेहमी एकच गोष्ट विचारतो: ही मेमरी सोडायची वेळ येईल तेव्हा तिच्यापर्यंत अजून कोण पोहोचू शकतं? हँडलर, टायमर, वर्कक्यू (मागाहून करायच्या कामांची रांग), उघडी फाइल धरून बसलेला प्रोग्रॅम, आणि स्वतः कार्ड. या प्रत्येकाला थांबवलं आहे हे ठामपणे सांगता येत नसेल तर केफ्रीची ओळ चुकीच्या जागी आहे. तुमचा ऊप्स नेमका तिथूनच येतो.

आधी २ एमबीचा बफर. केमॅलॉक जी मेमरी देतो ती फिजिकल रॅममध्ये सलग असते. ८ केबीपर्यंतच्या मागण्या छोट्या वस्तूंची मेमरी वाटणारा स्लब अ‍ॅलोकेटर आपल्या ठरीव मापांच्या कॅशमधून भागवतो: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६ आणि तिथून पुढे दुप्पट-दुप्पट. म्हणून ६०० बाइट मागितले तर १०२४ खर्ची पडतात. ८ केबीच्या वरची मागणी थेट पेज अ‍ॅलोकेटरकडे जाते आणि तो दोनच्या घातांतच पेज (४ केबीचे तुकडे) देतो. ३६ केबी, म्हणजे नऊ पेज मागितली, तर सोळा पेज म्हणजे ६४ केबी जातात. तुमचे २ एमबी म्हणजे ४ केबीची ५१२ पेज, ऑर्डर ९ (दोनचा नववा घात). पेज अ‍ॅलोकेटरची कमाल मर्यादा साधारणपणे ऑर्डर १०, म्हणजे ४ एमबी.

पुढच्या वेळी लोड फसला की लगेच /प्रोक/बडीइन्फो उघडून बघा. प्रत्येक झोनसाठी (रॅमच्या विभागासाठी) एक ओळ असते आणि तीत अकरा आकडे: पहिला ऑर्डर ० ची मोकळी पेज किती, दुसरा ऑर्डर १ चे मोकळे तुकडे किती, असं करत शेवटचा ऑर्डर १० चा. नुकत्याच बूट झालेल्या मशीनवर उजवीकडचे आकडे भरघोस असतात. काही दिवस फाइल कॅश, ब्राउझर, बिल्ड असं सगळं चालून गेल्यावर डावीकडे हजारोंचे आकडे दिसतील आणि उजवीकडचे शेवटचे तीन-चार रकाने शून्यावर आलेले असतील. नाट्यगृहात दोनशे खुर्च्या रिकाम्या आहेत, पण सलग सोळा कुठेच नाहीत, तशी ही अवस्था. फ्री कमांड भरपूर मेमरी मोकळी दाखवते आणि तरी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) "पेज अ‍ॅलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ९" येतं, त्याचं कारण हे.

इथे एक सीमारेषा लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऑर्डर ३ पर्यंत, म्हणजे ३२ केबीपर्यंतची जीएफपी_कर्नल मागणी पुरी करायला कर्नल जंग जंग पछाडतो, त्यामुळे ती सहसा फसत नाही. त्याच्या वर गेलात की तो थोडा प्रयत्न करून हात वर करतो. "सहसा फसत नाही" म्हणून नल तपासणं टाळायचं, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. तपासा, आणि नल आलं तर उणे ईनोमेम ("मेमरी नाही" हा एरर कोड) परत करा. "मेमरी मिळाली नाही" असा स्वतःचा वेगळा संदेश छापायची गरज नाही. अ‍ॅलोकेटर स्वतःच पूर्ण स्टॅक छापतो आणि कर्नलचा कोड तपासणारी चेकपॅच स्क्रिप्टही अशा ओळीवर बोट ठेवते.

मग मोठा बफर घ्यायचा कसा? तो फक्त सीपीयूच वापरणार असेल तर सरळ केव्हीमॅलॉक. हे फंक्शन आधी सलग मेमरी मागून बघतं, नाही मिळाली तर व्हीमॅलॉककडे वळतं, म्हणजे विखुरलेली पेज गोळा करून त्यांना सलग व्हर्च्युअल पत्ते देतं. सोडताना केव्हीफ्री. व्हीमॅलॉकने घेतलेलं केफ्रीने सोडलं तर कर्नल कोसळेल; जोड्या पाळायच्याच.

पण तुमच्या बफरमध्ये कार्ड स्वतः लिहितं, म्हणून हा रस्ता तुम्हाला बंद. व्हीमॅलॉकचा पत्ता डीएमए_मॅप_सिंगलला देता येत नाही. स्टॅकवरचा अ‍ॅरेही देता येत नाही: कर्नल ४.९ पासून एक्स८६-६४ वर कर्नलचा स्टॅकही व्हीमॅलॉकच्या क्षेत्रातून येऊ लागला, आणि स्टॅकवरचे बफर देऊन वर्षानुवर्षं चाललेले कितीतरी यूएसबी ड्रायव्हर त्या वेळी एकदम उघडे पडले. तुमच्यासाठी दोन पर्याय आहेत.

पहिला, डीएमए_अ‍ॅलॉक_कोहेरंट. हे दोन पत्ते देतं, एक सीपीयूसाठी आणि एक कार्डासाठी. मशीनमध्ये आयओएमएमयू (कार्डाचे पत्ते रॅमच्या पत्त्यांशी जोडणारं हार्डवेअर) चालू असेल तर विखुरलेली पेज कार्डाला सलग भासवता येतात. सीएमएसाठी (मोठ्या सलग मेमरीसाठीचं राखीव क्षेत्र) जागा राखून ठेवली असेल तर सलग मेमरी तिथून मिळते. दोन्ही नसेल तर तीच पेज अ‍ॅलोकेटरची वाट आणि तोच ऑर्डर ९ चा अडसर, हे विसरू नका. नुसतं फंक्शनचं नाव बदलून फ्रॅगमेंटेशन, म्हणजे मोकळ्या मेमरीचं विखुरणं, जात नाही. आणि त्याआधी डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंटने कार्ड किती बिटांचा पत्ता हाताळू शकतं ते सांगा. न सांगितल्यास ३२ बिट गृहीत धरले जातात.

दुसरा पर्याय माझ्या आवडीचा. कार्डाच्या डेटाशीटमध्ये स्कॅटर-गॅदर (विखुरलेल्या तुकड्यांत डीएमए करण्याची सोय) आहे का ते बघा. असेल तर सुटी पेज घ्या, त्यांची यादी करा, डीएमए_मॅप_एसजीने मॅप करा आणि कार्डाला यादी द्या. ऑर्डर ० ची पेज मिळायला अडचण येत नाही, त्यामुळे ही रचना महिनोन्महिने चालू असलेल्या मशीनवरही टिकते. शिवाय ज्या आर्म बोर्डांवर डीएमए सीपीयूच्या कॅशशी सुसंगत नसतो, तिथे कोहेरंट मेमरी कॅशमध्ये जात नाही आणि सीपीयूने ती वाचणं फार संथ होतं. सॅम्पल्स वाचून त्यांवर गणित करायचं असेल तर हा फरक जाणवतो. मोबदल्यात एक शिस्त पाळावी लागते: मॅप केल्यापासून अनमॅप होईपर्यंत बफर कार्डाचा. मध्येच वाचायचा असेल तर डीएमए_सिंक कुटुंबातलं योग्य फंक्शन आधी बोलवायचं.

याच अनुषंगाने एक चूक रिव्ह्यूमध्ये वारंवार दिसते. डीएमएचा छोटा बफर वेगळा न घेता मुख्य स्ट्रक्चरच्या पोटातच अ‍ॅरे म्हणून ठेवलेला असतो, शेजारी एखादा काउंटर. तशाच आर्म बोर्डावर कार्डाने लिहिल्यानंतर ती कॅशलाइन (कॅशमधला छोटा तुकडा) रद्द केली जाते आणि त्याच लाइनीत बसलेल्या काउंटरची नुकती लिहिलेली किंमत उडून जाते. एक्स८६ वर हे कधीच दिसत नाही, म्हणून माणूस आठवडाभर लॉकिंगमध्ये दोष शोधत बसतो. डीएमएचा असा छोटा बफर नेहमी स्वतंत्र केमॅलॉकने घ्या. त्याचं अलाइनमेंट आर्किटेक्चर सांभाळतं.

आता मशीन अडकण्याबद्दल. जीएफपी_कर्नल म्हणजे "मेमरी नसेल तर मी थांबायला तयार आहे" असं कबूल करणं. मग कर्नल पेज मोकळी करायला लागतो, डिस्कवर लिहितो, आणि तुम्हाला झोपवतो. इंटरप्ट हँडलरला झोपता येत नाही, कारण परत उठवायला त्याच्यामागे स्वतःची प्रोसेस नसते. स्पिनलॉक धरूनही झोपता येत नाही. त्या लॉकची वाट बघणारा दुसरा सीपीयू जागच्या जागी फिरत राहतो. वाईट भाग असा की मेमरी मुबलक असताना ही चूक खपून जाते, कारण झोपायची वेळच येत नाही. ताण येतो त्या दिवशीच मशीन बसतं. म्हणून डेव्हलपमेंटच्या कर्नलमध्ये कॉन्फिग_डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप चालू हवंच. ते प्रत्यक्ष झोपण्याची वाट बघत नाही; झोपू शकणारी मागणी चुकीच्या जागेवरून आली की पहिल्याच कॉलला "स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट" असं ओरडतं.

यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे फ्लॅग बदलून जीएफपी_अ‍ॅटॉमिक करा. तो झोपत नाही आणि राखीव साठ्यालाही हात घालू शकतो. पण तो साठा तुमच्या एकट्याचा नाही. ताणाच्या वेळी नेटवर्कवरून येणारी पॅकेट्स घेणारा कोडही त्यातूनच घेतो. आणि अ‍ॅटॉमिक मागणी फसणं ही नित्याची गोष्ट असते, तेव्हा ती फसल्यावर सॅम्पल्सचं काय करायचं याचं उत्तर कोडमध्ये असायला हवं. कर्नल ६.१२ पासून रिअल-टाइमची सोय मुख्य कर्नलमध्ये आली आहे. त्या कॉन्फिगरेशनमध्ये रॉ स्पिनलॉक (रिअल-टाइममध्येही न झोपणारा लॉक) धरून जीएफपी_अ‍ॅटॉमिकसुद्धा चालत नाही. मोजमापाच्या कार्डांचे ग्राहक रिअल-टाइम मागतातच, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

तुमच्या बाबतीत हँडलरमध्ये मेमरी घ्यायचीच नाही, हे खरं उत्तर. प्रोबमध्ये केकॅलॉकने (शून्यांनी भरलेला अॅरे देणारं फंक्शन), समजा, २५६ डिस्क्रिप्टरची एक रिंग घ्या. तिथे जीएफपी_कर्नल योग्यच आहे, कारण प्रोबला झोपायला मोकळीक असते. हँडलरने फक्त इंडेक्स पुढे सरकवायचा. रिंग भरली असेल तर ओव्हररनचा काउंटर वाढवायचा आणि तो युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमना, दिसेल असा ठेवायचा. किती सॅम्पल्स गळाले हे वापरणाऱ्याला कळणं हा त्याचा हक्क आहे. दर इंटरप्टला खरोखरच जास्त काम असेल तर थ्रेडेड इंटरप्ट वापरा. थ्रेडमध्ये झोपता येतं, मग तिथे जीएफपी_कर्नलही चालतो.

ब्लॉक डिव्हाइसचे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी जीएफपी_नोआयओ (डिस्कवर न लिहिता मेमरी मागणारा फ्लॅग) आणि मेमपूल (आधीच राखलेला साठा) हा निराळा विषय आहे: मेमरी मोकळी करायला डिस्कवर लिहायचं, आणि डिस्कवर लिहायला तुमच्याच ड्रायव्हरला मेमरी हवी, असं चक्र तिथे अडकतं. तुम्हाला तो लागू नाही.

आता ऊप्स. ६बी हा आकडा कर्नलने मुद्दाम पेरलेला आहे. स्लब डीबगचं पॉयझनिंग चालू असताना वस्तू सोडली की तिच्या बाइटांमध्ये ६बी भरलं जातं, शेवटच्या बाइटमध्ये ए५. घेतलेली पण अजून काही न लिहिलेली वस्तू असेल तर ५ए. म्हणजे पॉइंटरच्या जागी ६बी६बी दिसलं की सोडून दिलेल्या मेमरीतून पॉइंटर वाचला, आणि ५ए५ए दिसलं की न भरलेल्या मेमरीतून वाचला. पत्ता नेमका ६बी६बी नसून शेवटी थोडा वेगळा असेल तर तो फरक म्हणजे स्ट्रक्चरमधल्या फील्डचा ऑफसेट. त्यावरून कोणतं फील्ड ते काढता येतं.

तुमच्या कोडमध्ये हे कसं घडतं ते क्रमाने बघा. आरएममॉड (मॉड्यूल काढण्याची कमांड) दिलं, कर्नलने तुमचं रिमूव्ह बोलावलं. रिमूव्हने केफ्री करून मुख्य स्ट्रक्चर सोडलं आणि परतलं. डेव्हएमची यादी कर्नल यानंतर चालवतो, म्हणजे इंटरप्ट सोडला जातो तो रिमूव्ह संपल्यावर. या दोहोंच्या मध्ये एक फट आहे. तिच्यात इंटरप्ट आला तर हँडलर जागेवर आहे, स्ट्रक्चर नाही. लाइन शेअर्ड असल्यामुळे तो इंटरप्ट तुमच्या कार्डाचाही असायची गरज नाही. शेजारच्या डिव्हाइसचा आला तरी तुमचा हँडलर चालतो. कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू चालू करा: ते शेअर्ड इंटरप्ट सोडताना हँडलरला मुद्दाम एकदा बोलावतं, आणि अधूनमधून येणारा तुमचा ऊप्स दर वेळी येऊ लागेल.

डेव्हएम आणि हाताने सोडणं यांची अशी सरमिसळ करू नका. डेव्हएमची यादी घेतल्याच्या उलट क्रमाने सोडते. स्ट्रक्चर आधी डेव्हएम_केझॅलॉकने घेतलं आणि इंटरप्ट नंतर घेतला, तर इंटरप्ट आधी सुटेल आणि स्ट्रक्चर नंतर, जे आपल्याला हवं आहे. किंवा सगळंच हाताने करा. मग रिमूव्हमधला क्रम मी असा ठेवतो: आधी कॅरेक्टर डिव्हाइस काढून टाकायचं, म्हणजे नवीन कोणी फाइल उघडू शकणार नाही. मग कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहून त्याचा डीएमए आणि इंटरप्ट बंद करायचे, आणि तेच रजिस्टर एकदा वाचायचं. पीसीआयवरचं लिहिणं वाटेत रेंगाळू शकतं. वाचल्यावर ते पोहोचल्याची खात्री होते. मग फ्री_आयआरक्यू, जो चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबतो. त्यानंतर कॅन्सल_वर्क_सिंक आणि टायमर. टायमर वर्कला आणि वर्क टायमरला पुन्हा चालू करत असेल तर कॅन्सल_वर्क_सिंकच्या आधी टायमर_शटडाउन_सिंक वापरा, म्हणजे तो परत लावताच येत नाही. एवढं झाल्यावर डीएमएचा बफर, आणि सर्वांत शेवटी स्ट्रक्चर.

कार्ड थांबवण्याची पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते आणि तिचे परिणाम सर्वांत भयंकर असतात. बफर सोडला पण कार्ड लिहीतच राहिलं, तर ते आता दुसऱ्या कुणाच्या तरी मेमरीत लिहितं: एखाद्या फाइलच्या कॅशमध्ये, एखाद्या प्रोसेसच्या डेटामध्ये. केएसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलमधलं साधन) हे पकडत नाही, कारण लिहिणारा सीपीयू नाही. आयओएमएमयू चालू असेल तर फॉल्ट तरी दिसतो. नसेल तर तासाभराने भलताच प्रोग्रॅम कोसळतो आणि तुमच्या ड्रायव्हरवर कुणाचा संशयही जात नाही.

प्रोबमधला अपयशाचा मार्गही हाच नियम पाळतो. अर्ध्यावर काही फसलं तर घेतलेलं उलट क्रमाने सोडत यायचं, गोटूच्या पायऱ्यांनी. केफ्रीला नल दिलेलं चालतं, त्यामुळे त्याआधी इफ लिहायची गरज नाही. ६.५ पासून व्हेरिएबल स्कोपबाहेर गेलं की आपोआप सोडण्याची सोय क्लीनअप हेडरमध्ये आली आहे. एका फंक्शनपुरत्या तात्पुरत्या बफरसाठी ती फार सुटसुटीत आहे.

एक फट अजून उरते आणि ती डेव्हएमने उलट झाकली जाते, म्हणून इथे जरा थांबतो. समजा एखाद्या प्रोग्रॅमने तुमची डिव्हाइस फाइल उघडून रीडमध्ये ठाण मांडलं आहे. ओनर फील्डमुळे फाइल उघडी असेपर्यंत मॉड्यूलचा वापर-काउंट वाढलेला राहतो आणि आरएममॉड नाकारलं जाईल, हे खरं. पण सिसएफएसमधून (कर्नलच्या नियंत्रण-फाइलींतून) अनबाइंड करायला, म्हणजे ड्रायव्हर कार्डापासून सोडवायला, किंवा कार्ड चालू मशीनमधून काढायला तो काउंट आडवा येत नाही. अनबाइंड झालं, डेव्हएमने स्ट्रक्चर सोडलं, आणि नंतर त्या प्रोग्रॅमने फाइल बंद केली. रिलीज फंक्शन त्याच मेलेल्या स्ट्रक्चरमध्ये हात घालतं. डेव्हएमने सोडलेल्या वस्तूचं आयुष्य डिव्हाइसच्या बांधणीएवढं असतं. उघड्या फाइलीचं आयुष्य त्याहून मोठं असू शकतं. म्हणून फाइलीतून पोहोचता येणारं स्ट्रक्चर डेव्हएममध्ये घेऊ नका. त्यात स्ट्रक्ट डिव्हाइस ठेवा, सीडेव्ह_डिव्हाइस_अ‍ॅडने कॅरेक्टर डिव्हाइस त्याला बांधा, आणि केफ्री फक्त त्या डिव्हाइसच्या रिलीज कॉलबॅकमध्ये लिहा. शेवटचा धरणारा सुटला की तो चालेल. रिमूव्हमध्ये म्यूटेक्स धरून "कार्ड गेलं" असा फ्लॅग लावायचा आणि झोपलेल्या रीडला जागं करायचं. रीड, राइट, आयओसीटीएल (डिव्हाइसला खास आज्ञा देणारा कॉल) यांनी तोच म्यूटेक्स धरून फ्लॅग बघायचा आणि उणे ईनोडेव्ह ("डिव्हाइस नाही") परत करायचं. तुमच्या हाताने सोडण्याच्या पद्धतीलाही हे तितकंच लागू आहे.

आयओसीटीएलचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. युजरस्पेसकडून आलेल्या संख्येला स्ट्रक्चरच्या आकाराने स्वतः गुणून केमॅलॉकला देऊ नका; गुणाकार ओव्हरफ्लो झाला की छोटा बफर मिळतो आणि त्यात मोठा डेटा ओतला जातो. केमॅलॉक_अ‍ॅरे, केकॅलॉक किंवा स्ट्रक्ट_साइज वापरा, आणि त्याआधी संख्येला कमाल मर्यादा घाला. जे काही कॉपी_टू_युजरने बाहेर जाणार आहे ते केझॅलॉकने घ्या, नाहीतर पॅडिंगच्या (फील्डांमधल्या रिकाम्या) बाइटांमधून कर्नलचा जुना डेटा बाहेर गळतो.

हे सगळं बदलल्यावर तपासणी अशी करा. केएसॅन, केमेमलीक (न सोडलेली मेमरी शोधणारं साधन), डीएमए एपीआय डीबग, वरचे दोन्ही डीबग पर्याय आणि फेलस्लॅब असलेला कर्नल बांधा. केएसॅन मेमरीचा आठवा हिस्सा स्वतःसाठी घेतो आणि वेग कमी करतो, पण चूक सापडली की वस्तू कुठे घेतली, कुठे सोडली आणि नंतर कुणी वापरली, असे तिन्ही स्टॅक समोर ठेवतो. फेलस्लॅबने प्रोबमधली प्रत्येक मागणी आळीपाळीने फसवा. अपयशाचे मार्ग एरवी कधीच चालत नाहीत. मग एक प्रोग्रॅम डिव्हाइस फाइल उघडून रीडमध्ये अडकवून ठेवा, कार्ड पूर्ण वेगाने सॅम्पल्स ओतत असू द्या, आणि दुसऱ्या टर्मिनलवरून अनबाइंड, बाइंड असा लूप रात्रभर चालवा. सकाळी केमेमलीकच्या फाइलीत स्कॅन लिहा आणि ती वाचा. यादी रिकामी असेल आणि डीमेसेज शांत असेल, तर ड्रायव्हर ग्राहकाच्या मशीनवर टाकायला हरकत नाही.